पाकिटावरची ठकी

आमची ठकी हसत नसे. हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर सांगितलं तर कुणाला पटत नाही. जिचा हसरा चेहरा बघत तुम्ही लहानाचे मोठे झालात, जी तुमच्या शाळेच्या डब्यात होती, प्रवासाच्या पिशवीत होती, दवाखान्यात खाटेशेजारच्या टेबलावर उभी होती, ती पोर प्रत्यक्षात सदा कपाळाला आठ्या घालून बसलेली असायची. माझी सख्खी पुतणी. तिला कडेवर घेऊन मी गल्ल्या पालथ्या घातल्या आहेत. आता विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा.

मला सांगायचं आहे ते मात्र तिच्या आईबद्दल, माझ्या वहिनीबद्दल. तिचा चेहरा कुठल्याच पाकिटावर आला नाही.

आधी रोलचं सांगतो. स्पंज केकचा पातळ थर, त्यावर लाल जॅम, गरम असतानाच त्याची गुंडाळी, वरून पिठीसाखर, आणि पाकिटात बंद. एवढाच तो पदार्थ. कंपनीनं त्याला भलंमोठं नाव दिलं होतं, ते फाटकावरच्या पाटीवर आणि मालकाच्या तोंडी असे. दुकानात जाऊन सगळे म्हणायचे, “एक हसरा द्या.” पाकिटावरच्या मुलीमुळे रोलचंच नाव हसरा पडलं. आजाऱ्याला भेटायला जाताना हसरा न्यायचा, कारण बंद पाकिटाला डॉक्टर नाही म्हणत नाहीत. रात्रपाळीचा वॉचमन तो चहात बुडवून खायचा. नवराबायकोचं भांडण झालं की नवरा संध्याकाळी येताना गुपचूप एक हसरा ओट्यावर ठेवायचा आणि बायको तो बघून न बघितल्यासारखं करायची. पोरांचा तर ठाम समज होता की पाकीट उघडताना चेहरा फाटला नाही तर पेपर सोपा जातो. परीक्षेच्या दिवसांत शाळेच्या दाराशी पोरं श्वास रोखून, जिभा बाहेर काढून पाकिटं सोलत बसलेली दिसायची. एवढी काळजी पेपर लिहिताना घेतली असती तर निकाल जरा बरे लागले असते.

या कारखान्यात मी पॅकिंग खात्यात फिटर होतो. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, कंपनीची गाडी घेऊन दुकानोदुकानी माल पोचवायचा. वहिनी लग्नानंतर कामाला लागली ती रोल गुंडाळायच्या टेबलावर. स्पंज भट्टीतून आला की लगेच गुंडाळावा लागतो, गार झाला की तडकतो. त्यामुळे त्या टेबलावरच्या बायकांची बोटं कायम लाल आणि तोंडं कायम चालू. वहिनीचं तोंड सगळ्यांत पुढे. ती आमच्या घरात आली तेव्हा आई म्हणाली होती, “ही बोलायची थांबली की समजायचं आजारी आहे.” मला घरी यायला उशीर झाला की वहिनी ताट वाढता वाढता विचारायची, “काय भावजी, मशीनला भरवून आलात की ती अजून उपाशीच आहे?”

असल्या बडबड्या बाईच्या पोटी ठकी कशी आली कोण जाणे. पोरगी रडायची नाही फारशी, पण हसायचीही नाही. उभे राहणारे सरळ केस, डोक्यावर कितीही पाणी लावा, बसायचे नाहीत. डावा कान उजव्यापेक्षा मोठा आणि जरा पुढे आलेला. झोप आली की ती आपलाच तो कान धरून बसायची. आणि कपाळावर आठ्या. पाळण्यात असल्यापासून. आई म्हणायची, “ही मोठी झाली की शाळेची तपासणी करायला जाणार.” दादा कामावरून आला की गुडघ्यावर बसून तिच्यासमोर हजेरी द्यायचा, “बाई, आज सगळा माल खपला.” ठकी त्याच्याकडे बघायची आणि मान वळवायची. तो खूश.

ती दीड-दोन वर्षांची असताना मालकाच्या डोक्यात आलं की पाकिटावर लहान मुलाचा फोटो हवा. बाहेरचं मूल आणलं तर त्याच्या आईबापांना काहीतरी द्यावं लागणार, म्हणून नोटीस लागली, “आपल्या कारखान्याच्या परिवारातलं मूल.” फुकटात काम व्हावं असं वाटलं की मालकांना परिवार आठवतो. एका सकाळी सगळ्या बायका आपापली पोरं नटवून घेऊन आल्या. कँटीनमध्ये पांढरी चादर टांगली होती, दिवे लावले होते. दिवे बघून पोरांनी जे भोकाड पसरलं, ते पार भट्टीखात्यापर्यंत ऐकू गेलं. एकटी ठकी रडली नाही. मीच तिला स्टुलावर बसवलं आणि मागून कंबर धरून खाली वाकून बसलो. तिच्या हातात रोलचा तुकडा दिला होता, तो तिनं खाल्ला.

पण हसेना. फोटोग्राफरनं किल्ल्या वाजवल्या. कंपनीचा चित्रकार मांजरासारखा ओरडला. शेवटी मॅनेजर, ज्याच्या बुटांच्या आवाजानं बाया बोलायच्या थांबत, त्यानं कानाला हात लावून जीभ बाहेर काढून दाखवली. ठकीनं त्याच्याकडे असं पाहिलं, जणू याचा पगार तीच देते आणि आता फेरविचार करते आहे. मला हसू आवरेना, स्टूल हललं. तेवढ्यात चित्रकार म्हणाला, “काढा हो फोटो, बाकीचं मी बघतो.”

त्यानं बघितलं. पाकिटं छापून आली तेव्हा त्यावर ठकी चक्क हसत होती. खालच्या हिरडीत दोन दात, गाल वर गेलेले. कपाळ गुळगुळीत. वहिनी पहिलं पाकीट पदराआड लपवल्यासारखं छातीशी धरून घरी घेऊन आली आणि ठकीच्या पुढ्यात धरून म्हणाली, “कोण गं ही? सांग कोण?” ठकीनं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, “बाळ.” कुणीतरी दुसरं बाळ, अशा अर्थानं. आम्ही पोट धरून हसलो. दादाला ती गोष्ट इतकी आवडली की तो दुकानदारांना सांगत सुटला.

ठकी चार वर्षांची झाली आणि गेली. ताप आला, उतरला, पुन्हा चढला, मग दवाखान्यात ठेवावं लागलं. भेटायला येणारा प्रत्येक जण हसरा घेऊन आला. त्यांचं काय चुकलं? आजाऱ्याला हसराच न्यायचा असतो. खाटेशेजारच्या टेबलावर हसऱ्यांची रांग लागली आणि इकडे खाटेवर ठकी कान धरून पडलेली. एक नर्स पाकिटाकडे आणि ठकीकडे आळीपाळीनं बघत म्हणाली, “हीच का ती? वाटत नाही.” वहिनी म्हणाली, “हसली की दिसते अगदी तशी.” मी तिथेच होतो. मला ते वाक्य तेव्हा काही विशेष वाटलं नाही. आई आहे, म्हणणारच.

ठकी दुपारी गेली. सामान आवरून देताना नर्सनं सगळी पाकिटंही पिशवीत भरून दिली. दादानं ती पिशवी दवाखान्याच्या फाटकावरच्या वॉचमनच्या हातात ठेवली आणि तो पुढे चालू लागला. वॉचमननं पिशवीत डोकावलं, आणि त्याला काही माहीत नसल्यामुळे मागून ओरडून “देव भलं करो” म्हणाला. इतकी वर्षं झाली, तो आवाज माझ्या कानातून जात नाही.

घरात तिचा एकही फोटो नव्हता. तुम्ही म्हणाल, असं कसं? असंच असतं. आमच्याकडे कॅमेरा नव्हता. वाढदिवसाला स्टुडिओत जायचं ठरलं होतं, त्या दिवशी तिचं नाक गळत होतं म्हणून पुढे ढकललं. मग राहून गेलं. तिचा फोटो निघाला तो एकदाच, कँटीनमध्ये, आणि तो कंपनीकडे होता.

वहिनी कामावर परत आली तेव्हा सगळ्यांचा जीव टांगणीला लागलेला. सुपरवायझर बाई भल्या होत्या. त्यांनी तिला आपणहून सांगितलं, “तू भट्टीकडे जा. किंवा जॅमखात्यात. जिथे पाकीट दिसणार नाही तिथे.” वहिनी म्हणाली, “मला पॅकिंगला द्या.” बाईंना वाटलं ऐकण्यात चूक झाली. पण तिनं पुन्हा तेच सांगितलं. अशा रीतीनं ती माझ्या मशीनच्या तोंडाशी येऊन उभी राहिली आणि पुढे केस पिकेपर्यंत तिथून हलली नाही.

तिथलं काम असं. पाकिटाचा कागद मोठ्या रिळावर येतो, त्यावर एकापुढे एक चेहरे छापलेले. दोन चेहऱ्यांच्या मध्ये काळी पट्टी असते. मशीनचा डोळा ती पट्टी बघतो आणि बरोबर तिथे चिकटवून कापतो. कागद जरा सरकला की पट्टी चुकते आणि चेहरा मधोमध कापला जातो. पाकिटाच्या वरच्या अर्ध्यात हनुवटी, खालच्या अर्ध्यात केस. अशी पाकिटं बाजूला काढायची. वहिनी डोळ्यात तेल घालून उभी असायची. चेहरा एका बोटानं जरी सरकला तरी ती लाल बटण दाबून सगळी लाइन थांबवायची. “भावजी, कापलं जातंय!” एवढंच म्हणायची. मी पाना घेऊन धावायचो. बाजूला काढलेली पाकिटं इतर बाया टराटरा फाडून रोल चुऱ्याच्या पिंपात टाकायच्या. वहिनी कुणाला हात लावू द्यायची नाही. मागची चिकटपट्टी नखानं सोडवून ती पाकीट उलगडायची, रोल काढायची आणि कागद सपाट करून ठेवायची. वरिष्ठ तिचं कौतुक करायचे, की काय ही बाई कामात चोख. मूग गिळून मी ऐकायचो.

आणि ती बोलायची थांबली. आई म्हणाली होती तशी.

दादाचं उलट. त्याला पाकीट समोर नको होतं, पण त्याच्या गाडीच्या मागच्या दोन दारांवर मिळून ठकीचा चेहरा रंगवलेला होता, पुरुषभर उंच. माल काढायला दारं उघडली की चेहरा मधोमध दुभंगायचा. तो हे दिवसातून कितीदा तरी करायचा. एक दिवस त्यानं चाव्या टेबलावर ठेवल्या आणि दुसऱ्याच्या ट्रकवर लागला. घरात पाकीट आणायचं नाही, तिचं नाव काढायचं नाही, असं त्यानं सांगून टाकलं. रागानं नाही, हात जोडून सांगितलं. वहिनीनं ते पाळलं. दोघं एका ताटात जेवायची, आणि ज्या एका माणसाबद्दल त्यांना बोलायचं होतं, तिच्याबद्दल बोलायची नाहीत. मला त्या घरात जेवण जायचं नाही. दादा लवकर गेला, झोपेतच. आई त्याच्या आधीच गेली होती. ठकीला पाहिलेली आम्ही दोघंच उरलो, वहिनी आणि मी. आणि आम्ही पडलो एकाच मशीनच्या दोन टोकांना.

दरम्यान पाकीट बदलत गेलं. नवीन रीळ मी स्वतः मशीनवर चढवायचो, म्हणून मला आधी दिसायचं. मेणकागद जाऊन चकचकीत कागद आला तेव्हा ठकीचे केस कुरळे झाले. कुणा शहाण्यानं ठरवलं की कुरळे केस खपतात. पुढच्या वेळी गालांना खळ्या पडल्या. मग डोळे मोठे झाले, गाल गुलाबी झाले. दर वेळी थोडंसंच. जुनं आणि नवं पाकीट शेजारी ठेवलं तरच कळायचं, आणि शेजारी ठेवायला कुणाला वेळ आहे?

एकदा नवी लागलेली मुलगी वहिनीच्या शेजारी उभी होती. तिला कुणीतरी सांगितलं असणार. ती हळूच म्हणाली, “मावशी, तुमची मुलगी खरंच अशी होती?”

“अशीच,” वहिनी म्हणाली. “खळ्या बघ कशा पडायच्या. कुठेही घेऊन जा, हसायचीच. लोकं हातातून काढून घ्यायची. केस तेवढे त्रासाचे. कुरळे ना, विंचरताना गुंता व्हायचा, मग मात्र रडायची.”

मी मशीनखाली आडवा होतो. पाना हातातच राहिला. ठकीच्या केसांचा गुंता कधी झालाच नाही, ते कुंच्यासारखे सरळ होते. पण वहिनी खोटं बोलत नव्हती. तिच्या आवाजात विंचरण्याचा त्रास होता, त्या गुंत्यातून कंगवा ओढल्याचं दुःख होतं. तिला ते आठवत होतं.

घरी जाताना मी हसत हसत म्हणून पाहिलं, “वहिनी, तिचे केस सरळ होते ना? उभे राहायचे.”

तिनं माझ्याकडे दयेनं पाहिलं. “तुम्हाला काय आठवणार भावजी? तुमचा सगळा जन्म मशीनच्या पोटाखाली.” किती दिवसांनी तिनं माझी अशी चेष्टा केली होती. मला बरं वाटलं, आणि पुढचं मी बोललो नाही.

मग कंपनी विकली गेली. नव्या लोकांनी कँटीनमध्ये सगळ्यांना बोलावलं, त्याच कँटीनमध्ये, आणि एका गुळगुळीत दाढीच्या साहेबानं पडद्यावर नवं पाकीट दाखवलं. त्यावर गॉगल घातलेलं अस्वल होतं. मुलगी आता जुनाट वाटते, साहेब म्हणाला, आजच्या मुलांना मजा हवी. अस्वलानं पडद्यावर कोलांटी मारून दाखवली. आम्ही टाळ्या वाजवल्या; साहेब बोलायचा थांबला की टाळ्या वाजवायच्या एवढं कळतं आम्हाला. वहिनीनं वाजवल्या नाहीत. ती अस्वलाकडे बघत बसून राहिली.

नळावर डबा धुताना ती मला म्हणाली, “भावजी, तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही.”

“मग आता मागा.”

“पाकीट बंद झालं की मी तिला कुठे बघू?” ती डबा घासतच होती. “पाकिटावरचं चित्र आहे, मला कळतं ते. पण त्या दिवशी खरा फोटो काढला होता ना, दिवे लावून? तो कुठेतरी असेल. तेवढा मला आणून द्या. मग अस्वल येऊ दे नाहीतर हत्ती येऊ दे.”

मी हो म्हणालो. खरं तर त्या फोटोत काय आहे ते मला माहीत होतं. फोटो काढताना मी स्टुलामागेच होतो.

ऑफिसात चौकशी केली. तिथल्या पोरानं सांगितलं, जुनं सगळं रद्दीत गेलं. मी मनात म्हटलं, सुटलो. पण सुटका नव्हती. वहिनी रोज मशीनपाशी नुसती माझ्याकडे बघायची, विचारायची नाही. शेवटी मी चित्रकाराचा पत्ता काढला. जिवंत होता. भाचीच्या घरी माडीवरच्या खोलीत, खिडकीशी खुर्ची टाकून बसलेला. हात इतके थरथरत होते की चहाची बशी त्याच्या मांडीवर भाचीनं धरली होती.

मी कोण ते सांगितलं तसा तो एकदम जागा झाला. “ती पोर? अहो, छळलं तिनं मला. तोंड हसवलं, गाल हसवले, पण डोळे हसायला तयार होईनात. रात्रंदिवस खोडतोय आणि काढतोय. शेवटी डोळे हिचे घातले.” त्यानं भाचीकडे बोट केलं. भाची ओशाळून हसली. चाळिशी उलटलेली, जाडसर बाई. मी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते डोळे मी रोज रिळावर बघत होतो.

“मग ठकीचं काय राहिलं त्यात?” मी विचारलं. आवाज चढला होता, नाही असं नाही.

“कान,” म्हातारा म्हणाला. “कान मी बदलले नाहीत. एक मोठा, एक लहान. फार गोड कान होते.”

“ते कुरळ्या केसांखाली गेले.”

“ते नंतरच्यानं केलं,” तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा खरोखर पडला. “माझं नाही ते.”

भाचीनं पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली. ब्रश, वाळलेल्या रंगांच्या नळ्या, आणि तळाशी जाड पुठ्ठ्याला चिकटवलेला फोटो. चित्र मोठं करण्यासाठी त्यावर पेन्सिलीनं चौकटी आखलेल्या. म्हाताऱ्यानं तो मला देऊन टाकला. “तुमचंच माणूस आहे,” म्हणाला.

मी फोटो उलटा धरूनच जिना उतरलो. बस थांब्यावर येऊन बाकावर बसलो आणि मग सुलटा केला. ठकी होती. हनुवटीवर रोलचा चुरा, केस उभे, डावा कान पुढे, आणि कपाळाला आठ्या घालून ती त्या मॅनेजरकडे बघत होती. तिच्या कमरेशी दोन बोटं दिसत होती, ती माझी. मी भर रस्त्यात रडलो. शेजारची बाई पिशवी घेऊन जरा लांब सरकली. सरकू दे. इतक्या वर्षांत मीही तिचा चेहरा विसरत चाललो होतो, हे मला तिथे कळलं. खळ्या नव्हत्या एवढं मला माहीत होतं, पण काय होतं ते असं लख्ख दिसत नव्हतं. आता दिसलं. वाटलं, वहिनीलाही असंच दिसेल. आधी धक्का बसेल, मग ती रडेल, मग म्हणेल, अगं बाई, हो, अशीच होती माझी तपासणीसाहेब. आणि मग आम्ही दोघं बसून खऱ्या ठकीबद्दल बोलू. मला ते किती हवं होतं! दादा गेल्यापासून मला त्या पोरीबद्दल कुणाशी तरी बोलायचं होतं.

रविवारी दुपारी मी तिच्याकडे गेलो. फोटो आणतो म्हणून सांगितलं होतं. तिनं खोली झाडून ठेवली होती, चांगले कपडे घातले होते. भिंतीवर खिळा ठोकलेला आणि टेबलावर नवी कोरी फ्रेम, काच पुसून ठेवलेली. दादा असता तर त्या भिंतीवर फ्रेम लागली नसती. मला बसा म्हणायचंही तिला सुचलं नाही. तिनं हात पुढे केला.

मी फोटो दिला.

तिनं चष्मा काढून पदराच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. खिडकीपाशी उजेडात गेली. बराच वेळ उभी राहिली. मी तिच्या पाठीकडे बघत होतो. ती आता रडेल म्हणून मी मनाची तयारी केली होती. वळली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. चुकून दुसऱ्याच्या दारात गेलेल्या माणसाचा असतो तसा चेहरा.

“ही आपली नाही, भावजी.”

मी टेबलावरच्या रिकाम्या फ्रेमकडे पाहिलं.

“दुसऱ्या कुणाची तरी पोर आहे. त्या दिवशी सगळ्यांचीच आणली होती ना? त्यातली असेल एखादी.” तिनं फोटो पुन्हा डोळ्यांजवळ नेला. “केस बघा हिचे. आणि कशी रुसून बसलीय बिचारी. हिला कुणी हसवलं नाही वाटतं.”

मला म्हणायचं होतं, ही बोटं माझी आहेत वहिनी, हे बघा. हा कान बघा, झोपताना हाच धरायची. एवढं म्हणालो असतो तर पुरलं असतं. पण मग पुढे? कंगव्यात अडकणारे कुरळे केस, लोकांनी हातातून काढून घेणं, हे सगळं तिच्याकडून काढून घ्यायचं आणि त्या बदल्यात ही रुसलेली पोर द्यायची? एकदा तिची पोर गेली होती. दुसऱ्यांदा मी न्यायची का? माझ्याच्यानं झालं नाही.

“म्हातारा झालाय तो चित्रकार,” मी म्हणालो. “घोटाळा केला असणार.”

“असू दे. तुम्ही एवढी पायपीट केलीत.” ती मलाच समजावत होती. “एक करा. मशीनवर शेवटचं रीळ लागेल ना, त्यातला एक चेहरा मला कापून आणा. न चिकटवलेला, सपाट. पट्टीवर नीट कापा, नाहीतर हनुवटी जाईल. तो लावते मी फ्रेमला.”

“आणतो.”

तिनं फोटो माझ्या हातात परत ठेवला. मग काहीतरी आठवून पुन्हा घेतला, आपल्या पदरानं त्यावरची धूळ पुसली, अगदी हलक्या हातानं, आणि दिला.

“आणि हा ज्याचा त्याला पोचवा, भावजी. टाकून देऊ नका. हिची आई शोधत असेल.”

“पोचवतो,” मी म्हणालो. खिशात घालताना पाहिलं, तर ठकी माझ्याकडे कपाळाला आठ्या घालून बघत होती.